मीटरमधले सगळे लाइट एकदम लागले, आता काय?

पावसाळा आला की या सदराकडे पिकअपवाल्यांचे मेसेज वाढतात आणि या वेळी तर बहुतेक सगळे सेकंडहँड गाड्यांचेच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीय कारण तशाच तक्रारीचे मेसेज नगर, सातारा, जालना असे सगळीकडून आलेत आणि लोकांचे पैसे नको तिथं चाललेत.

प्रश्न : नमस्कार दादा, मी ओतूरचा. घरची शेती आहे आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा टोमॅटो, कोथिंबीर कल्याण मार्केटला नेतो. गेल्या दिवाळीत 2018 ची बीएस फोर डिझेल पिकअप सेकंडहँड घेतली. आता पावसात रात्री भरलेली गाडी घेऊन माळशेज उतरताना एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मीटरमधले बॅटरीचा, चेक इंजिनचा, हिटरचा असे सगळे लाइट एकदम लागले, हेडलाइट मंद झाले, काटे खाली पडले आणि गाडी बंद. सेल्फ मारला तर नुसतं टिक टिक. तासाभरानं आपोआप चालू झाली. गॅरेजमध्ये नवी बॅटरी टाकली, आठवड्यात परत तेच. मग स्कॅनर लावून क्रँक सेन्सर बदलला, परत तेच. आता ते ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय म्हणतात आणि 40 हजार सांगतात. गाडीचा हप्ता चालू आहे, टाकू का ईसीएम? आधी गाडी एकदम ओके होती, पावसाच्या तोंडावर क्लचप्लेट तेवढी टाकली होती.

उत्तर : दादा, ईसीएम अजिबात टाकू नका, निदान मी खाली सांगतोय ते मीटर लावून बघेपर्यंत तरी नाही. एक गोष्ट डोक्यात पक्की करा, एकाच क्षणी चार लाइट लागले म्हणजे चार बिघाड झाले असं नसतं, चार वेगवेगळे पार्ट ठरवून एकाच खड्ड्यात खराब होत नाहीत. त्या सगळ्यांना जे एक सामाईक लागतं ते गेलेलं असतं, आणि ते म्हणजे करंट. बॅटरी, डायनामो, पट्टा, मेन फ्यूज आणि अर्थिंग या पाचांपैकी काहीतरी. व्होल्टेज पडलं की ईसीएमला सेन्सरचं रीडिंग नीट कळत नाही, मग तो दिसेल त्या सेन्सरच्या नावानं कोड टाकतो आणि स्कॅनर लावणारा तो कोड वाचून सेन्सर बदलतो. स्कॅनर खोटं बोलत नाही पण तो फक्त ईसीएमला काय दिसलं तेवढं सांगतो, का दिसलं ते माणसानं शोधायचं असतं. तुम्ही स्कॅनरच्या रिपोर्टचा फोटो पाठवलाय त्यात सगळ्यात वर पी 0562 आहे, म्हणजे सिस्टिम व्होल्टेज लो. तोच खरा कोड, आणि त्याच्या खालचे क्रँक सेन्सरचे वगैरे त्याच्या मागून आलेले. वरचा सोडून खालचा धरला गेला.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे, क्लचप्लेट टाकल्याची. क्लचचं काम करायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि बऱ्याच पिकअपमध्ये इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सच्याच बोल्टला असते. परत चढवताना ती राहते, किंवा अर्धवट आवळली जाते, किंवा गंज आणि चिखलावरच बोल्ट मारला जातो. इंजिन रबरच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे ती पट्टी नसेल तर इंजिन गाडीपासून विजेच्या हिशोबानं तुटल्यासारखंच होतं. उन्हाळ्यात, दिवसा, रिकाम्या गाडीला हे कळतही नाही. पावसात रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू असताना खड्ड्यात पट्टी हलली की संपलं.

म्हणून मी तुम्हाला फोनवर साधा डिजिटल मीटर घेऊन तीन रीडिंग घ्यायला सांगितली होती, ती इतर वाचकांसाठी इथं देतो. गाडी चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावा आणि मीटरच्या तारा थेट डायनामोला लावा, एक जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी डायनामोच्या बॉडीवर. मग त्याच अवस्थेत बॅटरीच्या दोन टोकांवर. दोन्हीकडे साधारण सारखं म्हणजे 13.8 ते 14.5 व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, एखाद्या पॉइंटचा फरक चालतो. तुमच्याकडे डायनामोवर 14.4 आलं आणि बॅटरीवर 12.1. म्हणजे डायनामो इमानदारीनं काम करतोय पण माल बॅटरीपर्यंत पोचतच नाहीये, मधे सव्वादोन व्होल्ट कुठंतरी गळतायत. नवी बॅटरी आठवड्यात का उतरली त्याचं उत्तर हेच. तिसरं रीडिंग, मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर घासून स्वच्छ केलेल्या जागी धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टच्या आसपास आलं तर अर्थिंग चांगलं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की खराब समजा. तुमच्याकडे आकडा दोनच्या वर गेला. आणखी एक खूण तुम्हीच सांगितलीत, सेल्फ मारल्यावर गिअरची केबल हाताला गरम लागते. सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधताना त्या केबलमधून जात होता दादा, ती जळाली असती तर घाटात गिअरच पडला नसता.

ओतूरच्याच एका वायरमननं गाडीखाली जाऊन बघितलं तेव्हा पट्टी होती, पण तिचं एक टोक बोल्टच्या खाली नव्हतं, नुसतं वॉशरला टेकलेलं होतं, आणि टोकाला हिरवट पांढरी पावडर धरली होती. ती घासून, चॅसीचा रंग खरवडून लोखंड उघडं करून, नवी जाड पट्टी आवळून वरून ग्रीस लावलं. आता बॅटरीवर 14.2 येतंय. तरी माझा सल्ला असा की पुढची काही भाडी जवळची मारा, आणि रोज एकदा बॅटरीवरचं व्होल्टेज बघा, सिगारेट लायटरच्या सॉकेटात बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो तो लावून टाका. चालू गाडीत तेरा व्होल्टच्या खाली सतत दिसलं तर घाटात जाऊ नका.

आता घाटाचं बोलतो, कारण ते गाडीच्या खर्चापेक्षा मोठं आहे. गाडी बंद पडली की ब्रेकच्या बुस्टरमध्ये जेमतेम दोन-तीन वेळा पेडल दाबण्याइतका व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं आणि भरलेली पिकअप थांबवायला दोन्ही पाय लावावे लागतात. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. म्हणून लाइट लागले आणि इंजिन गेलं की ब्रेक पंपिंग करू नका, एकदाच दाबून धरा, गाडी गिअरमध्येच राहू द्या, डोंगराच्या बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरवणारे अजून खूप आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका, गिअरमध्ये सोडलेल्या गाडीला उतारावर डिझेल जवळजवळ लागतच नाही, इंजेक्टर बंद होतात, त्यामुळे त्यात वाचत काहीच नाही आणि इंजिनची पकड मात्र जाते. गाडी उभी केल्यावर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण वळणाच्या अलीकडे मागून येणाऱ्याला वेळेत दिसेल असा ठेवा, आणि गाडीत किंवा गाडीमागे थांबू नका, माळशेजसारख्या ठिकाणी पावसात दरड कुठं सुटेल सांगता येत नाही म्हणून वरचा कडा बघूनच उभे राहा. नॅशनल हायवेवर मदतीला 1033 आणि कुठंही 112. आणि निघताना चाकाखालचे दगड आणि रस्त्यावर टाकलेल्या फांद्या उचलून बाजूला टाका, मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावरच पडतो.

आणखी दोन गोष्टी ज्या ईसीएम खरोखर घालवतात. गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनामो चार्ज करतोय का ते बघायची जुनी सवय, जुन्या गाड्यांत चालून जायचं, आता त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायनामोचे डायोड नाहीतर ईसीएम जातो. आणि हौद्याला, जाळीला वेल्डिंग मारताना बॅटरीचे टर्मिनल न काढणं. वेल्डरला अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगा आणि आधी बॅटरी सोडवा, शक्य असेल तर ईसीएमचं सॉकेटही.

प्रश्न : चालत्या गाडीत बॅटरीचा लाइट लागला, थोड्या वेळात ब्रेक कडक झाला आणि टेम्परेचरचा काटा पण वर. हे वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत का एकच? जुनी डिझेल पिकअप, 2014 चं मॉडेल. — एक वाचक, मंचर

एकच, आणि बहुतेक तुमचा पट्टा तुटलाय. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे एक पट्टा गेला की चार्जिंग, ब्रेकची मदत आणि पाणी फिरणं, तिन्ही एकदम बंद. म्हणूनच बॅटरीच्या लाइटला कोणी हलकं घेऊ नये, लोक म्हणतात बॅटरीवर घरापर्यंत जाईल, पण इथं प्रश्न बॅटरीचा नसून ब्रेकचा आणि तापून जाणाऱ्या इंजिनच्या हेडचा असतो. बॉनेट उघडा, पट्टा जागेवर नसेल तर गाडी पुढं नेऊ नका. एक जादा पट्टा सीटखाली ठेवा, आणि जुना बदलताना टेन्शनरचं बेअरिंग हातानं फिरवून बघायला सांगा, खरखर करत असेल तर नवा पट्टाही टिकणार नाही.

प्रश्न : लाल लाइट लागल्यावर गाडी किती किलोमीटर चालवता येते? — दोन-तीन वाचकांनी विचारलंय

ऑइलचा लाल लाइट, म्हणजे तो कॅनमधून थेंब पडतोय असा, चालू गाडीत लागला तर शून्य किलोमीटर. बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ऑइलचं प्रेशर नसेल तर बेअरिंग मिनिटभरातही चिकटू शकतं आणि मग अख्ख्या इंजिनचं काम निघतं. थोडं थांबून डिपस्टिकनं लेव्हल बघा, कमी असेल तर भरा आणि सुरू केल्यावर लाइट गेला तरच हळू हळू जवळच्या गॅरेजपर्यंत जा. लेव्हल बरोबर असूनही लाइट असेल तर टोचन करून न्या, टोचनचा खर्च काहीच नाही त्यापुढं. कधीकधी नुसता प्रेशर स्विच खराब असतो, तो स्वस्तात येतो, पण तो खराब आहे हे मेकॅनिकनं तिथं गेज लावून बघितल्यावरच मानायचं, अंदाजानं नाही.

टेम्परेचरचा लाल लाइट असेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण उघडायला धावू नका. आत प्रेशरमध्ये पाणी शंभर डिग्रीच्याही वर तापलेलं असतं, झाकण उघडताच ते वाफ होऊन तोंडावर येतं, चेहरा भाजलेली माणसं मी बघितलीत. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप हाताला सोसवेल इतका गार झाला की जाड फडकं टाकून झाकण हळू सोडा, आणि मग गाडी चालू ठेवून थोडं थोडं पाणी घाला. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं की हेड क्रॅक जातं.

पिवळा लाइट वेगळा, चेक इंजिनचा पिवळा लाइट लागला आणि गाडी नीट ओढतेय, आवाज नाही, धूर नाही, तर माल पोचवा आणि मग दाखवा. पण गाडीची ओढ एकदम मेली, रेझ वर जात नाही, तर गाडी लिम्प मोडमध्ये गेलीय, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीएमनंच ताकद कमी केलीय, तेव्हा चढाला जोर लावू नका. फिल्टरच्या खुणेचा पाण्याचा लाइट लागला असेल तर डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पाणी बाटलीत काढा, ते तुम्ही स्वतः करू शकता. ते तसंच चालवलं तर हायप्रेशर पंप आणि इंजेक्टर जातात, आणि सीआरडीआय, म्हणजे हायप्रेशर इंजेक्शनच्या डिझेल गाडीत तो सगळ्यात महागडा खर्च.

प्रश्न : दादा, माझी बीएस सिक्स पिकअप आहे, इचलकरंजीत गावातल्या गावात सुताचे बॉक्स पोचवतो. डीपीएफचा लाइट सारखा लागतो. एक जण म्हणतो डीपीएफ काढून टाक, कटकट संपेल.

काढू नका. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस सिक्स नियमांसाठीच तो बसवलाय, काढणं बेकायदेशीर आहे आणि फिटनेसला, पीयूसीला अडकाल, वर सॉफ्टवेअरमध्ये छेडछाड केलेली गाडी विकतानाही कोणी घेत नाही. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी, ती भरली की गाडी स्वतःच सहाशे डिग्रीच्या आसपास तापवून काजळी जाळते, पण त्यासाठी सलग धावावं लागतं. तुमची गाडी दहा मिनिटं चालते आणि बंद होते, जळणं अर्ध्यात तुटतं. आठवड्यातून एकदा सांगली किंवा कोल्हापूर रोडला एक गिअर खाली ठेवून पन्नास-साठच्या स्पीडनं वीस मिनिटं सलग पळवा. लाइट पिवळा आहे तोवर हे चालतं, लाल झाला किंवा गाडी ओढेनाशी झाली तर वर्कशॉपमध्ये मशीन लावूनच करावं लागतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ते चांगलं लक्षण नाही, अर्धवट जळण्यात डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल लगेच बदला आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं, कमी राख धरणारं लो-अ‍ॅश ऑइलच टाका.

प्रश्न : दादा, आम्ही नवरा-बायको बार्शीत मसाले करून विकतो. गाड्या विकणाऱ्या डीलरकडून पिकअप घेतली, घेताना मीटरमध्ये एकही लाइट नव्हता, तिसऱ्या दिवशी चेक इंजिन लागला आणि गाडी ओढेना. इंजेक्टरचं काम सांगतायत. डीलर म्हणतो गाडी दारातून बाहेर गेली की आमचा संबंध संपला. काय करावं?

ताई, आधी काही रिपेअर करू नका. गाडी दुसऱ्या चांगल्या ठिकाणी नेऊन स्कॅनर लावा आणि त्याला फक्त कोड नाही, तर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय तेही काढायला सांगा, बऱ्याच गाड्यांत ते दिसतं. तो आकडा तुम्ही गाडी घेतल्यापासूनच्या किलोमीटरच्या जवळपास आला तर विकण्याच्या तोंडावर कोड पुसलेत हे कागदावर येतं. कोड पुसून टाकणं हे मिनिटाचं काम आहे, बिघाड तसाच राहतो आणि दोन-चार दिवसांनी लाइट परत येतो. रिपोर्टची प्रिंट घ्या, त्यावर तारीख, गाडी नंबर आणि मीटरचं रीडिंग पाहिजे.

दुसरं, चावी फक्त ऑन करून, गाडी चालू न करता, मीटरचा व्हिडिओ काढा. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी हे लाइट चावी ऑन केल्यावर लागलेच पाहिजेत आणि गाडी चालू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा लागतच नसेल तर तो बंद करून ठेवलाय. काही ठिकाणी तर चेक इंजिनची वायर ऑइलच्या लाइटला जोडून देतात म्हणजे दोन्ही बरोबर लागतात आणि बरोबर विझतात, घेणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. यापुढं कोणीही गाडी बघायला जाल तेव्हा पहिलं काम हेच करा, आणि इंजिन गार असताना बघा, आधीच तापवून ठेवलेली गाडी असेल तर गार होईपर्यंत थांबा.

आता हक्काचं. धंद्यासाठी घेतलेली गाडी म्हणून ग्राहक कायदा लागू नाही असं तुम्हाला सांगतील, पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्पष्ट आहे, स्वतःच्या मेहनतीनं पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. तुमचा मसाल्याचा घरगुती धंदा आणि गाडी मिस्टरच चालवतात, हे तक्रारीत आवर्जून लिहा. आधी डीलरला स्पीड पोस्टानं लेखी कळवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. गाडी डीलरऐवजी थेट मालकाकडून घेतली असती तर हा रस्ता सहसा चालला नसता, म्हणून डीलरची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काहीही डिलीट करू नका. आणि इंजेक्टर बदलायची वेळ आलीच तर टेस्टिंगचा लेखी रिपोर्ट घ्या, काढलेले जुने इंजेक्टर गॅरेजमध्ये सोडू नका, पिशवीत घालून घरी आणा.